पक्ष आपल्याच माणसावर कारवाई केव्हा करतो? सातारा-सांगलीच्या वाचकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या मंत्र्यावर, आमदारावर किंवा संचालकावर आरोप झाले की कऱ्हाड, वाई, तासगाव, मिरज, जत अशा ठिकाणांहून आमच्याकडे जवळपास तेच प्रश्न येतात. ते येथे एकत्र केले आहेत. उदाहरणे वेगवेगळ्या पक्षांची आणि वेगवेगळ्या काळातील आहेत. आरोप होणे आणि गुन्हा सिद्ध होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे प्रत्येक उत्तर वाचताना गृहीत धरावे.

१. पक्ष मुळात आपल्याच माणसावर कारवाई का करतो? तत्त्व म्हणून की मते जातील म्हणून?

बहुतेक वेळा दुसऱ्या कारणासाठी, पण "मते जातील" एवढेच म्हणून भागत नाही. निवडणुकीत शेकडो उमेदवार एकाच चिन्हावर उभे असतात. त्यामुळे एकाच्या बदनामीची किंमत बाकीच्यांना मोजावी लागते, आणि आपली जागा धोक्यात आली असे त्यांना वाटू लागले की पक्षश्रेष्ठींकडे तक्रारी सुरू होतात. म्हणजे कारवाईचा दाब अनेकदा विरोधी बाकांवरून येण्याआधी पक्षाच्या आतूनच येतो. त्यात मंत्रिपदाची वाट पाहणारे आणि जुने हिशेब चुकते करू पाहणारेही असतात.

तत्त्वाचा भाग अजिबात नसतो असेही नाही. १९५१ मध्ये एच. जी. मुद्गल हे काँग्रेसचे खासदार मुंबईतील सराफांच्या संघटनेकडून पैसे घेऊन तिच्यासाठी संसदेत काम करीत असल्याचे चौकशीत आढळले. त्यांना सभागृहातून काढण्याचा ठराव त्यांच्याच पक्षाचे पंतप्रधान नेहरू यांनी मांडला, आणि मुद्गल यांनी राजीनामा दिला. मात्र त्या वेळी काँग्रेसला तुल्यबळ प्रतिस्पर्धी नव्हता. एक खासदार गेल्याने पक्षाचे काहीच बिघडणार नव्हते, आणि तत्त्व स्वस्त असते तेव्हा ते पाळणे सोपे जाते.

२. राजीनामा, निलंबन, हकालपट्टी, तिकीट कापणे हे सगळे एकच आहे का?

नाही. मंत्रिपदाचा राजीनामा घेतला तरी संबंधित व्यक्ती आमदार राहते आणि पक्षातही राहते. निलंबनात पक्षाचे सदस्यत्व काही काळ किंवा चौकशी होईपर्यंत थांबवले जाते, तर हकालपट्टीत ते संपते. पक्षांच्या पत्रकांत "सहा वर्षांसाठी" असे शब्द वारंवार दिसत असले, तरी सहा वर्षे पूर्ण होण्याआधी परत घेतल्याची उदाहरणेही तितकीच वारंवार दिसतात. सर्वांत कमी गाजावाजा होणारी, पण बहुधा सर्वांत परिणामकारक कारवाई म्हणजे पुढच्या निवडणुकीत उमेदवारी न देणे. तिला कारण द्यावे लागत नाही आणि तिच्याविरुद्ध दादही मागता येत नाही.

३. आरोप झालेल्या माणसाला काढलेच पाहिजे असा काही कायदा आहे का?

केवळ आरोपांसाठी नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६४ प्रमाणे मंत्री राज्यपालांची मर्जी असेपर्यंत पदावर राहतो, म्हणजे व्यवहारात मुख्यमंत्री त्याला केव्हाही काढू शकतात. काढलेच पाहिजे, असे मात्र कोठेही लिहिलेले नाही. दोषी ठरल्यावर चित्र बदलते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ८ नुसार दोन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा झाली की सदस्यत्व जाते आणि सुटकेनंतरची सहा वर्षे निवडणूक लढवता येत नाही. पूर्वी अपील दाखल करून पद वाचवता येत असे. ती सवलत सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये लिली थॉमस प्रकरणात रद्द केली.

गंभीर गुन्ह्यात सलग ३० दिवस कोठडीत असलेल्या मंत्र्याचे पद जावे, अशी तरतूद करणारे घटनादुरुस्ती विधेयक ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि संयुक्त समितीकडे पाठवण्यात आले.

४. एकाच पक्षात एकाला लगेच घरी बसवतात आणि दुसऱ्याला शेवटपर्यंत वाचवतात. हे कसे?

आमच्याकडे सर्वाधिक येणारा प्रश्न हाच आहे. अलीकडची दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहिली की बरेच उलगडते. एप्रिल २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्याचे तत्कालीन गृहमंत्री, राष्ट्रवादीचे अनिल देशमुख यांच्यावरील आरोपांची प्राथमिक चौकशी सीबीआयने करावी असा आदेश दिला, आणि देशमुखांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच सरकारातील, त्याच पक्षाचे मंत्री नवाब मलिक यांना ईडीने अटक केली. त्यांचा राजीनामा मात्र घेतला गेला नाही. त्यांची खाती इतरांकडे सोपवली गेली आणि ते बिनखात्याचे मंत्री राहिले.

पहिल्या प्रकरणात शब्द न्यायालयाचा होता. न्यायालयाशी भांडण उभे करणे कोणत्याही पक्षाला परवडत नाही. दुसऱ्या प्रकरणात कारवाई केंद्राच्या तपास यंत्रणेची होती आणि केंद्रात विरोधकांचे सरकार होते. अशा वेळी राजीनामा घेतला, तर अटक करून सरकारातील एकेक मंत्री उतरवता येतो हे स्वतःच कबूल केल्यासारखे झाले असते, म्हणून पक्ष त्यांच्यामागे ठाम उभा राहिला. आरोप कोणता आहे यापेक्षा तो कोणाच्या तोंडून येतो याला पक्ष अधिक महत्त्व देतो, असा निष्कर्ष यातून आम्ही काढतो.

दुसरा निकष म्हणजे त्या माणसामागे असलेले बळ. सांगलीच्या शेजारी कर्नाटकात जुलै २०११ मध्ये लोकायुक्तांच्या खाण अहवालानंतर भाजपने येडियुरप्पा यांना मुख्यमंत्रिपदावरून उतरवले. त्यांनी स्वतःचा पक्ष काढला. २०१३ च्या निवडणुकीत त्या पक्षाला जागा सहाच मिळाल्या, पण सुमारे १० टक्के मते मिळाली, आणि २००८ मध्ये ११० जागा जिंकलेला भाजप ४० वर आला. २०१४ च्या प्रारंभी येडियुरप्पा पक्षात परत आले होते. ज्याच्यामागे स्वतंत्र मतपेढी आहे त्याला हात लावण्यापूर्वी सगळेच पक्ष हा हिशेब आठवतात.

तिसरा निकष म्हणजे जागा भरायला योग्य माणूस हाताशी असणे. त्याचे आपल्या दोन जिल्ह्यांशी विशेष नाते आहे, म्हणून तो पुढच्या प्रश्नात स्वतंत्रपणे घेतला आहे.

५. मुंबईत कोणी अडचणीत आले की सातारा-सांगलीचा माणूस आणून बसवतात, असे आमचे आजोबा म्हणत. यात तथ्य आहे का?

बरेच तथ्य आहे. जानेवारी १९८२ मध्ये प्रतिष्ठानांच्या देणग्या आणि सिमेंटवाटप यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेल्यावर अ. र. अंतुले यांनी मुख्यमंत्रिपद सोडले. त्यांच्या जागी आलेले बाबासाहेब भोसले मूळचे सातारा जिल्ह्यातील तारळ्याचे होते. डिसेंबर २००३ मध्ये तेलगी मुद्रांक प्रकरणाची चर्चा टिपेला असताना, आणि एका वृत्तवाहिनीच्या कार्यालयावर कार्यकर्त्यांनी हल्ला केल्यानंतर, छगन भुजबळ यांनी उपमुख्यमंत्रिपद आणि गृहखाते सोडले. गृहखाते तासगाव तालुक्यातील अंजनीच्या आर. आर. पाटील यांच्याकडे गेले. नोव्हेंबर २०१० मध्ये आदर्श गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात मुख्यमंत्री अशोक चव्हाण पायउतार झाले आणि दिल्लीत पंतप्रधान कार्यालयात राज्यमंत्री असलेल्या कऱ्हाडच्या पृथ्वीराज चव्हाण यांना मुख्यमंत्री म्हणून मुंबईला धाडण्यात आले.

या तिघांचे स्वभाव आणि कारकिर्दी पूर्णपणे निराळ्या होत्या. समान धागा एवढाच की तिघांपैकी कोणाच्याही हातात साखर कारखान्यांचे जाळे किंवा आमदारांचा मोठा स्वतःचा गट नव्हता. श्रेष्ठींच्या दृष्टीने असा माणूस दुहेरी सोयीचा असतो. त्याच्यावर जुने डाग नसतात, आणि उद्या बदलायची वेळ आली तर तो बंड करू शकत नाही. याची दुसरी बाजूही आहे. बाबासाहेब भोसले यांना स्वपक्षाच्या आमदारांनीच स्वस्थ बसू दिले नाही आणि साधारण वर्षभरात, फेब्रुवारी १९८३ मध्ये, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले. वसंतदादांकडे सांगलीचा कारखाना होता, सहकाराचे जाळे होते आणि आमदारही होते. स्वच्छ माणूस आणणे ही कारवाईची पहिली पायरी असते. त्याला काम करू देणे ही दुसरी, आणि पक्ष बहुधा पहिल्या पायरीवरच थांबतात.

६. आर. आर. आबांचा २००८ चा राजीनामाही याच प्रकारातला का?

नाही. १ डिसेंबर २००८ रोजी त्यांनी मुंबईवरील हल्ल्यानंतर आणि त्यासंबंधीच्या स्वतःच्या एका विधानावरून उठलेल्या संतापानंतर उपमुख्यमंत्रिपद आणि गृहखाते सोडले. त्यात गैरव्यवहाराचा आरोप नव्हता. तो राजकीय जबाबदारीचा राजीनामा होता आणि २००९ च्या निवडणुकीनंतर ते पुन्हा गृहमंत्री झाले. येथे त्याचा उल्लेख करण्याचे कारण एवढेच की, वाचक अनेकदा दोन्ही प्रकार एकाच यादीत घालून पाठवतात.

७. राजीनामा दिलेला मंत्री काही दिवसांनी परत येतो. मग ती कारवाई खरी की दिखावा?

परत येणे ही प्रथा नवी नाही. आयुर्विमा महामंडळाच्या गुंतवणुकीच्या मुंदडा प्रकरणात न्या. छागला यांच्या चौकशीनंतर १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला आणि १९६२ मध्ये ते केंद्रीय मंत्रिमंडळात परतले. मार्च २००१ मध्ये तहलकाच्या चित्रफितीनंतर पद सोडलेले जॉर्ज फर्नांडिस त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुन्हा संरक्षणमंत्री झाले. अजित पवार यांनी सिंचन प्रकरणातील आरोपांवरून सप्टेंबर २०१२ मध्ये उपमुख्यमंत्रिपद सोडले. सिंचनावरील श्वेतपत्रिका निघाली आणि डिसेंबरमध्ये ते पदावर परत आले. राजकीय बातम्यांत याला "पुनर्वसन" म्हणतात. कोयनेच्या विस्थापितांची पुनर्वसनासाठीची वणवण ज्या जिल्ह्याने पाहिली, त्या जिल्ह्यातील वाचकाला हा शब्द खटकणे स्वाभाविक आहे.

आमच्या मते एक साधी कसोटी लावावी. पदाबाहेर असण्याच्या काळात आरोपांची तपासणी त्या व्यक्तीच्या हाताखाली नसलेल्या कोणी केली का, आणि परत घेताना तिचा निष्कर्ष लोकांपुढे ठेवला का? दोन्हींची उत्तरे होकारार्थी असतील, तर परत येण्यात गैर काही नाही. ती नकारार्थी असतील, तर राजीनामा म्हणजे बातमी थंड होईपर्यंत घेतलेली रजा होय.

८. राजीनामे नेमके अधिवेशनाच्या तोंडावरच का होतात?

कारण अधिवेशनात उत्तर द्यावे लागते. एका तरुणीच्या मृत्यूच्या प्रकरणात आरोप झालेले तत्कालीन वनमंत्री संजय राठोड यांनी २८ फेब्रुवारी २०२१ रोजी राजीनामा दिला आणि दुसऱ्याच दिवशी अर्थसंकल्पी अधिवेशन सुरू झाले. त्यांनी आरोप नाकारले होते आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ते नव्या सरकारात मंत्री झाले. धनंजय मुंडे यांचा राजीनामा ४ मार्च २०२५ रोजी, म्हणजे अधिवेशनाच्या दुसऱ्या दिवशी आला. बीडमधील सरपंचाच्या हत्येच्या प्रकरणात त्यांचे निकटवर्ती आरोपी होते आणि आरोपपत्रातील छायाचित्रे त्याच्या आदल्या दिवशी सर्वत्र पसरली होती. राजीनाम्यासाठी त्यांनी प्रकृतीचेही कारण दिले. अधिवेशन नसते तेव्हा सरकार थांबून पाहू शकते. सभागृह सुरू झाले की कामकाज बंद पडते आणि रोज तोच विषय निघतो. म्हणूनच विधिमंडळाचे दिवस कमी होत जाणे हा उत्तरदायित्वाचाही प्रश्न आहे.

९. आरोप सिद्ध होण्याआधी पद काढून घेणे हा अन्याय नाही का?

मंत्रिपद हा कोणाचा हक्क नाही. त्यामुळे ते जाणे ही शिक्षा नसून चौकशीत अडथळा येऊ नये यासाठीची तजवीज असते, हा एक युक्तिवाद आहे आणि तो आम्हांला पटतो. तरीही वाचकांचा आक्षेप हलका नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये दूरसंचार परवान्यांच्या टू-जी प्रकरणावरून राजीनामा दिलेले तत्कालीन केंद्रीय दूरसंचारमंत्री ए. राजा यांना डिसेंबर २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने निर्दोष सोडले. सात वर्षांनी आलेल्या निकालाने गेलेले पद आणि गेलेली निवडणूक परत मिळत नाही. याचे उत्तर पद न सोडण्यात नसून खटले वेळेत चालवण्यात आहे.

१०. आघाडी किंवा महायुतीचे सरकार असेल तर मंत्र्याला काढण्याचा अधिकार कोणाचा?

कागदावर मुख्यमंत्र्यांचा (प्रश्न ३ पाहा). व्यवहारात मात्र कोणत्या पक्षाच्या वाट्याला किती मंत्रिपदे हे वाटाघाटीत ठरते, आणि त्या वाट्यातील माणूस बदलायचा की नाही हे त्याच पक्षाचा नेता ठरवतो. मुख्यमंत्र्यांनी परस्पर काढले, तर सरकार डळमळते. त्यामुळे आघाडीत प्रत्येक पक्ष दुसऱ्याच्या मंत्र्याबद्दल "तो त्यांचा अंतर्गत प्रश्न आहे" असे म्हणून मोकळा होतो.

११. कारखाना किंवा बँक बुडवलेल्या संचालकांवर पक्ष कधीच कारवाई का करीत नाहीत?

सातारा आणि सांगलीतील राजकारण समजून घ्यायचे असेल, तर हे उत्तर सावकाश वाचावे, कारण येथे मंत्रालयातील नियम चालत नाहीत.

पहिले कारण असे की सहकारी संस्थांच्या निवडणुका पक्षचिन्हावर होत नाहीत, पॅनेलवर होतात. रेठरे बुद्रुकच्या कृष्णा कारखान्यात सहकार, संस्थापक आणि रयत अशी पॅनेले लढतात. अनेक ठिकाणी एकाच पॅनेलमध्ये दोन-तीन पक्षांची माणसे असतात. त्यामुळे संस्था अडचणीत आली की प्रत्येक पक्षाला हात झटकता येतात, आणि कोणत्याही एका पक्षाचे नाव खराब होत नाही. प्रश्न १ मध्ये सांगितलेला चिन्हाचा दाब येथे लागूच होत नाही.

दुसरे कारण अधिक खोल आहे. मंत्र्याला पद पक्ष देतो. कारखान्याच्या अध्यक्षाला पद सभासद देतात आणि तोच माणूस पुढे पक्षाला आमदार मिळवून देतो. ऊसतोडीची पाळी, बिलाची उचल, मुलाची नोकरी, शिक्षण संस्थेतील प्रवेश या सगळ्यांची दोरी त्याच्या हातात असते. पक्ष त्याच्यावर अवलंबून असतो, तो पक्षावर नव्हे. अशा माणसाला नोटीस पाठवली, तर तो एका रात्रीत झेंडा बदलतो आणि तालुक्याचा तालुका सोबत नेतो.

त्यामुळे या क्षेत्रात कारवाई झाली तर ती बाहेरून होते. मे २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ बरखास्त करून प्रशासक नेमले. त्या मंडळात सत्ताधारी पक्षांचे मातब्बर होते, पण त्यांच्यापैकी कोणाला पक्षाने आधी बाजूला केले नव्हते. नागपूर जिल्हा बँकेच्या रोखे गुंतवणुकीचे प्रकरण २००२ मधील होते. त्या वेळचे अध्यक्ष सुनील केदार नंतर आमदार राहिले आणि मंत्रीही झाले. डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा सुनावल्यावर त्यांची आमदारकी गेली, ती पक्षाच्या निर्णयाने नव्हे तर कायद्याने.

सभासदाच्या हातात दोन कलमे आहेत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८३ खाली चौकशी होते आणि कलम ८८ खाली नुकसानीची जबाबदारी व्यक्तिशः निश्चित करता येते. ती माजी संचालकांवरही निश्चित होते, म्हणजे राजीनामा देऊन कोणी सुटत नाही. या चौकशांना स्थगिती मिळण्याचे प्रमाण पाहता फार आशावादी राहू नये, पण पक्षाच्या कार्यालयात निवेदन देण्यापेक्षा हा मार्ग निश्चितच बरा.

१२. म्हणजे ज्याचा स्वतःचा गट आहे त्याला आपल्याकडे पक्ष काहीच करू शकत नाही का?

नेहमीच असे नाही. २०२४ मध्ये सांगली लोकसभेची जागा आघाडीत शिवसेनेच्या ठाकरे गटाकडे गेल्यावर काँग्रेसचे विशाल पाटील अपक्ष उभे राहिले, जिंकले आणि नंतर त्यांनी काँग्रेसलाच पाठिंबा दिला. तेथे घोटाळ्याचा नव्हे, शिस्तीचा प्रश्न होता, आणि गटापुढे शिस्त हरली. याच्या उलट सप्टेंबर २०१९ मध्ये उदयनराजे भोसले राष्ट्रवादी सोडून भाजपमध्ये गेले आणि पुढच्याच महिन्यात साताऱ्याची पोटनिवडणूक श्रीनिवास पाटील यांच्याकडून हरले. २०२४ मध्ये ते पुन्हा जिंकले. गटाचे वजन निवडणुकीगणिक बदलते आणि पक्षांनाही ते आधी नेमके मोजता येत नाही.

१३. पक्षाने हकालपट्टी केली तर आमदारकी जाते का?

नाही, उलट येथे एक गंमतशीर पेच आहे. राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीनुसार, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यानुसार, स्वतःहून पक्ष सोडणारा किंवा पक्षादेश (व्हिप) मोडणारा सदस्य अपात्र ठरतो, पक्षाने काढलेला नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये विश्वनाथन प्रकरणात असे म्हटले की, काढलेला सदस्यही त्या अनुसूचीपुरता मूळ पक्षाचाच समजला जातो आणि दुसऱ्या पक्षात गेला तर अपात्र ठरतो. त्यामुळे पक्षाला ना त्याची जागा रिकामी करता येते, ना त्याला मनाजोगते मोकळे सोडता येते. बहुमत काठावर असेल, तर हकालपट्टीऐवजी निलंबनाचा किंवा मौनाचा मार्ग निवडला जातो, त्यामागे हेही एक कारण असते.

१४. आमच्या सरपंचावर पक्ष का कारवाई करीत नाही?

ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होतच नाही, त्यामुळे पक्षाचा तेथे औपचारिक संबंध नाही. गैरवर्तनासाठी पदावरून दूर करण्याची तरतूद ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ३९ मध्ये आणि अविश्वास ठरावाची कलम ३५ मध्ये आहे. तक्रार गटविकास अधिकारी आणि जिल्हा परिषदेकडे द्यावी.

१५. बदनाम नेत्याचे तिकीट कापून ते त्याच्याच घरात दिले, तर ती कारवाई म्हणायची का?

अर्धी. भोसरी भूखंड प्रकरणातील आरोपांनंतर २०१६ मध्ये मंत्रिपद सोडलेले एकनाथ खडसे यांना भाजपने २०१९ मध्ये उमेदवारी नाकारली आणि ती त्यांच्या कन्येला दिली. सुनील केदार अपात्र ठरल्यावर (प्रश्न ११) काँग्रेसने २०२४ मध्ये सावनेरची उमेदवारी त्यांच्या पत्नीला दिली. दोन्ही उमेदवार पराभूत झाले. पक्षाला गट टिकवायचा असतो आणि नावही धुवून घ्यायचे असते. मतदाराने दोन्ही एकदम मान्य करावे, ही अपेक्षा मात्र दर वेळी पुरी होत नाही.

१६. गुन्हे दाखल असलेल्या माणसाला पक्षाने तिकीट का दिले, हे विचारण्याची काही सोय आहे का?

लोकसभा आणि विधानसभेसाठी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२० च्या आदेशानुसार पक्षाला उमेदवारावरील प्रलंबित खटले आणि त्यालाच निवडण्याची कारणे वर्तमानपत्रात, संकेतस्थळावर आणि समाजमाध्यमांवर प्रसिद्ध करावी लागतात. "निवडून येण्याची क्षमता" एवढे कारण चालणार नाही, असेही न्यायालयाने बजावले. बिहारच्या निवडणुकीत हा आदेश न पाळल्याबद्दल ऑगस्ट २०२१ मध्ये भाजप आणि काँग्रेससह आठ पक्षांना दंड झाला. दंड एक लाख ते पाच लाख रुपयांचा होता, म्हणजे एखाद्या सभेच्या मांडवाच्या खर्चाइतका. पक्षाची ही माहिती सी-७ या नमुन्यात असते आणि उमेदवाराचे शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर पाहता येते. सी-७ मधील "लोकप्रिय समाजसेवक" किंवा "खटले राजकीय सूडबुद्धीचे" अशी ठरावीक वाक्ये आढळली, तर सभेत उमेदवाराला नव्हे, त्याच्या पक्षाच्या जिल्हाध्यक्षाला प्रश्न विचारावा, कारण कारणे देण्याची जबाबदारी पक्षाची आहे.